भिंती उभ्या राहिल्या, पाण्याचे काय?

ज्या शहापूर तालुक्यातील तानसा जलाशय 1892 पासून मुंबईची तहान भागवीत आला आहे, आणि ज्या तालुक्यातील भातशाचे पाणीही पुढे त्याच महानगराकडे वळविले गेले, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर फाल्गुन सरताच विहिरी तळ गाठतात व टँकरची प्रतीक्षा सुरू होते, ही विसंगती आता वृत्तपत्रे वाचणाऱ्यांच्याही अंगवळणी पडली आहे. या टंचाईची झळ घरातील सर्वांना सारखीच लागते, असे मात्र कोणी समजू नये. पाणी भरणे हे बायकांचे काम, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. त्यामुळे आई मजुरीला गेली की तिचा हंडा थोरल्या लेकीच्या डोक्यावर चढतो, आणि पंधरा लिटरचे ते पंधरा किलो ओझे उतरवून ती शाळेत पोचते, तोवर पहिले तास होऊन गेलेले असतात.

बरे, शाळेत तरी तिची काय तजवीज आहे? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे व पिण्याचे शुद्ध पाणी बंधनकारक केले, 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घालून दिली, आणि 2014 च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरूनही मुलींच्या स्वतंत्र स्वच्छतागृहांची घोषणा झाली. बांधकामे झाली, हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. पण सरकारी दप्तरात खोलीची नोंद झाली म्हणून नळाला धार येतेच असे नाही. आणि पाण्यावाचूनचे शौचालय काही दिवसांतच इतके अमंगळ होते की त्याला कुलूप घालणे हाच मुख्याध्यापकांना सोयीचा उपाय वाटतो. मग मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी तुंबवून धरतात, आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला निमंत्रण देतात. मासिक पाळी सुरू झालेल्या मुलीची अडचण तर याहून बिकट: कापड बदलण्यास आडोसा नाही, हात धुण्यास पाणी नाही, आणि याविषयी गुरुजींपाशी तोंड उघडण्याची सोय नाही; अशा वेळी ती घरीच राहते. महिन्यामागून महिने असे दिवस बुडाले की अभ्यास मागे पडतो, आणि वडिलांच्या मनात स्थळाचा विचार येऊ लागतो. वार्षिक परीक्षा नेमक्या पाणी आटण्याच्या दिवसांत येतात, याला काय म्हणावे!

त्याच कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. आपण अशा समितीवर असाल, तर पुढच्या सभेत इतिवृत्तावर सही करण्यापूर्वी मुलींच्या शौचालयाची किल्ली मागा आणि आतला नळ स्वतः सोडून पाहा.