स्कॉटलंड यार्डच्या बाई

जुलै २०२५ मध्ये लंडनच्या स्टॉकवेल स्टेशनात पोलिसांनी केलेल्या गोळीबाराला वीस वर्षं झाली. डिस्नीच्या मालिकेने ते प्रकरण आधीच उकरून काढलं होतं. त्यात एमिली मॉर्टिमरने रंगवलेल्या क्रेसिडा डिक पाहून प्रश्न पडतोच, की एवढं होऊनही या बाई लंडनच्या पोलीस कमिशनर झाल्या कशा?

२२ जुलै २००५ ची ती सकाळ जरा सावकाश पाहायला हवी. आदल्या दिवशी लंडनच्या मेट्रोत न फुटलेल्या बॉम्बच्या सॅकमध्ये जिमचं एक कार्ड सापडलं आणि त्यावरून स्कोशिया रोडवरच्या इमारतीचा पत्ता लागला. सशस्त्र पथक तिथे हवं, असं पहाटे पाचलाच ठरलं होतं. साडेनऊला ज्याँ चार्ल्स द मेनेझिस हा ब्राझीलचा इलेक्ट्रिशियन तिथून बाहेर पडला, तेव्हा पथकाचा पत्ता नव्हता. कॅमेरा घेऊन पाळतीवर बसलेला नेमका लघवीला गेलेला, त्यामुळे चित्रीकरणही नाही. हाच तो संशयित का, हे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. मेनेझिस बसने स्टॉकवेलला पोचला, मेट्रोत बसला आणि डोक्यात सात गोळ्या झाडून मारला गेला. या कारवाईची सूत्रं यार्डातल्या नियंत्रण कक्षातून डिक यांच्याकडे होती.

खटला उभा राहिला तो १९७४ च्या आरोग्य आणि सुरक्षा कायद्याखाली. कारखान्यातल्या यंत्राला जाळी नसली की मालकाला ज्या कायद्याने धरतात, तोच हा! २००७ मध्ये लंडनचं मेट्रोपॉलिटन, म्हणजे मेट पोलीस दल दोषी ठरलं, पावणेदोन लाख पौंडांचा दंड झाला. ज्युरीने मात्र निकालासोबत आवर्जून नोंदवलं, की डिक यांचा वैयक्तिक दोष नाही. दोष दलाचा, माणसाचा कोणाचाच नाही. त्या नोंदीने बढतीची वाट मोकळी झाली, असं माझं मत.

२०१७ मध्ये त्या कमिशनर झाल्या. १८८ वर्षांत पहिल्या महिला, म्हणून कौतुकाचा पूर आला. ऑक्सफर्डला शिकून १९८३ मध्ये दलात आलेल्या या बाईंनी आपल्या माणसांना कधी उघड्यावर टाकलं नाही. तोच गुण पुढे अंगाशी आला. २०२१ मध्ये सारा एव्हरार्डला त्यांच्याच दलातल्या शिपायाने ओळखपत्र दाखवून, बेड्या घालून पळवलं आणि ठार केलं. त्यावर एखादा नासका निघतोच, असा डिक यांचा सूर. एकट्या पोलिसाचा संशय आला तर बसला हात करा, हा मेटचा बायकांना सल्ला. मग चेरिंग क्रॉस ठाण्यातल्या पोलिसांचे किळसवाणे मेसेज बाहेर आले. १० फेब्रुवारी २०२२ ला सकाळी रेडिओवर ‘जाण्याचा विचारच नाही’ म्हणणाऱ्या डिक यांनी महापौर सादिक खान यांचा विश्वास उडाल्याचं कळताच संध्याकाळी राजीनामा दिला. पुढे या राजीनाम्याची चौकशी करणाऱ्या टॉम विन्सर यांच्या अहवालाने खान यांनी रीतसर प्रक्रिया पाळली नाही, असा ठपका ठेवला. खान यांनी तो धुडकावला.

मार्च २०२३ मध्ये मेटच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या लुईस केसी यांनी आपल्या अहवालात दलावर संस्थात्मक वर्णद्वेष, स्त्रीद्वेष आणि समलिंगीद्वेषाचा शिक्का मारला. त्याआधी जवळपास पाच वर्षं त्या दलाच्या प्रमुख एक उघडपणे समलिंगी स्त्री होत्या.