नळी लांब केली की नेम सुधारतो का?

मावळातले लोणावळे म्हटले की तुम्हांला चिक्की, भुशी धरण आणि धुके आठवते. आता तेथे पेंटबॉल नावाचा खेळही रुजला आहे. लोणावळ्याजवळ कुणेगावच्या डेला ॲडव्हेंचर पार्कात तो खेळता येतो. दोन गट आडोशाला लपून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या उडवतात. ज्याच्या अंगावर गोळी फुटेल तो बाद! २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील हेनिकर गावाजवळ १२ जणांनी हा खेळ प्रथम खेळला. त्यांच्या हातांतील पिस्तुले मुळात जंगलातील झाडांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली होती. म्हणून या बंदुकीला आजही ‘मार्कर’, म्हणजे खूण करणारी, असे म्हणतात.

खेळाची गोडी लागली की मार्करला नवे सुटे भाग बसवावेसे वाटतात. लांब नळी, भारी रेग्युलेटर, झटपट चालणारा चाप. गोळी लांब जाईल, नेम अचूक होईल, असे विकणारे सांगतात. खरेच तसे होते का? पैसे खर्चण्यापूर्वी पदार्थविज्ञानाला विचारून पाहू.

हवेची भिंत

गोळी म्हणजे जिलेटिनच्या पातळ कवचात भरलेला रंग. तिचा व्यास सुमारे १७.३ मिलिमीटर आणि वस्तुमान सुमारे ३ ग्रॅम असते. तिचा वेग सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९० मीटर, यापेक्षा जास्त असू नये असा नियम बहुतेक मैदानांवर असतो. खेळापूर्वी वेगमापकाने प्रत्येक मार्कर तपासतात.

या वेगाने जाणाऱ्या गोळीला हवा किती अडवते? हिशेब केला तर हा रोध सुमारे अर्धा न्यूटन भरतो. गोळीचे वजन मात्र ०.०३ न्यूटन! म्हणजे पृथ्वी गोळीला जितक्या जोराने खाली ओढते, त्याच्या सोळा-सतरा पट जोराने हवा तिला मागे ढकलते. त्यामुळे सुमारे ३५ मीटर जाईपर्यंत तिचा वेग निम्मा होतो.

हवेचा रोध इतका मोठा असतो हे इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले, तेव्हा लोकांना ते पटेना. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

आता लक्षात घ्या. गोळी नळीबाहेर पडली की तिला फक्त हवा आणि गुरुत्व हेच ठाऊक असते. मार्कर महाग होता की स्वस्त, हे तिला कळत नाही. सुरुवातीचा वेग नियमाने ठरलेला असेल, तर तीच गोळी दोन्ही मार्करांतून सारखीच लांब जाईल.

लांब नळी

समजा, नळी २५ सेंटिमीटर लांब आहे. तेवढ्या अंतरात ९० मीटर वेग मिळवायचा तर गोळीवर सरासरी ५० न्यूटन बल लागते. त्यासाठी बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे दोन वातावरणे जास्त दाब पुरतो. नळी वाढवली की वायू प्रसरण पावत जातो आणि त्याचा दाब उतरतो. एका टप्प्यावर वायूचा रेटा आणि नळीचे घर्षण सारखे होतात. त्यापुढची नळी गोळीला मदत न करता ब्रेकच लावते. नळी गोळीच्या मापाची असणे आणि आतून स्वच्छ असणे हे लांबीपेक्षा महत्त्वाचे आहे. आत फुटलेल्या गोळीचा रंग चिकटला की पुढची गोळी वेडीवाकडी फिरत बाहेर पडते आणि भलतीकडे वळते.

रेग्युलेटर

घरच्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर काय करतो? दाब एकसारखा ठेवतो. मार्करमध्येही त्याचे तेच काम. कार्बन डायॉक्साइडचा सिलिंडर वापरला, तर आतील दाब तापमानावर अवलंबून असतो. १० अंश सेल्सिअसला तो सुमारे ४५ वातावरणे, तर ३० अंशांना सुमारे ७१ असतो. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी तोच मार्कर वेगळा वागणार. शिवाय भराभर गोळ्या उडवल्या की द्रवाचे बाष्पीभवन होऊन सिलिंडर थंड पडतो आणि वेग घटत जातो.

वेग ९० वरून ८० मीटरवर आला, तर ३० मीटर अंतरावर गोळी सुमारे पाव मीटर खाली लागते. डोक्यावर धरलेला नेम छातीवर! म्हणून चांगला रेग्युलेटर किंवा दाबाखालच्या हवेचा सिलिंडर ही सुधारणा मात्र खरी आहे. तिने गोळी लांब जात नाही, पण प्रत्येक गोळी सारखी जाते.

झटपट चाप

गोळ्या वरच्या डब्यातून वजनाने खाली येतात. स्वतःच्या व्यासाइतके अंतर पडायला गोळीला सुमारे ०.०६ सेकंद लागतो. म्हणजे काही न अडकता सेकंदाला फार तर १७ गोळ्या येतील. प्रत्यक्षात त्या एकमेकींत अडकतात. चाप याहून वेगवान केला, तर अर्धवट आलेली गोळी आतच चिरडते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते.

वाकडी नळी

गोळी खरोखर लांब नेणारी एक युक्ती आहे. नळी किंचित वाकवून आतून खरखरीत करतात. गोळी वरच्या बाजूला घासत जाते आणि उलटी फिरते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो, तशीच ही गोळी हवेत उचलली जाते. वाकड्या नळीतून सुटलेली गोळी वळते हे रॉबिन्सनेही प्रयोगाने दाखवले होते! पण लांब गेलेली गोळी मंदावलेली असते; कित्येकदा ती अंगावर फुटतच नाही.

सर्वांत स्वस्त सुधारणा

जिलेटिन दमट हवेत पाणी शोषून फुगते. लोणावळ्याच्या जुलैत उघडी राहिलेली गोळी गोल राहत नाही. अशी गोळी कोणत्याही नळीतून सरळ जाणार नाही. घट्ट झाकणाचा कोरडा डबा हा भाग कोणत्याही दुकानात मिळतो!

नियम मोडून वेग वाढवणे मात्र सुधारणा नव्हे. नियमातल्या गोळीची ऊर्जाच १२ ज्यूल असते. एक किलोचे वजन सव्वा मीटरवरून पडावे तेवढी. वेग २० टक्के वाढला तर ऊर्जा ४४ टक्के वाढते. एवढ्या ऊर्जेने डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून मैदानावर मुखवटा क्षणभरही काढू नका.

करून पाहा

जाड कागदाच्या १०, २०, ४० आणि ८० सेंटिमीटर लांबीच्या, सारख्या व्यासाच्या नळ्या करा. मऊ प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तोंडाला एकेक घट्ट बसवा. नळीत कापसाचा ओला बोळा ठेवून बाटली दर वेळी सारखीच दाबा. प्रत्येक नळीने दहा वेळा बोळा उडवून अंतरे मोजा आणि सरासरी काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. कोणाच्या तोंडाकडे रोख धरू नका. कोणत्या लांबीनंतर अंतर वाढायचे थांबते? आलेख काढा, म्हणजे पुढच्या वेळी ‘लांब नळी घ्या’ असे कोणी म्हणाले, तर उत्तर तुमच्या वहीतच असेल.