थंड रोलर आणि चघळलेलं रबर

कोल्हापूरहून गारगोटीकडे निघालं की कळंबा लागतं. तिथल्या पंक्चरच्या दुकानात ट्यूब घासली जाते, बोटाने सोल्युशन लागतं, ते जरा सुकू दिलं जातं आणि मग पॅच बसतो. हे सोल्युशन म्हणजे कसलासा डिंक, असं पुष्कळांना वाटतं. ते मुळात द्रावकात विरघळवलेलं रबर असतं. पण कच्च्या रबराची शीट नुसती द्रावकात टाकली तर ती फुगून बसते, सहजी विरघळत नाही. त्याआधी रबर दोन रोलरच्या मिलमध्ये चघळावं लागतं.

रोलरच्या उष्णतेने रबर वितळतं, हा इथला सर्वांत पक्का गैरसमज. तसं असतं तर रोलरच्या पोटातून गार पाणी कशाला फिरवलं असतं? दोन्ही रोलर वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मधल्या फटीत रबर दाबलंही जातं, ओढलंही जातं. रबराच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. रबर गार आणि ताठ असेल तर त्या निसटत नाहीत. ताण बसतो आणि साखळी तुटते, तीही बहुधा मध्यावर. गरम रबरात त्या सरकून सुटतात. म्हणून तापमान वाढवत नेलं की काम आधी मंदावतं. साधारण 100 ते 120 अंशांदरम्यान ते सर्वांत संथ असतं. त्यापुढे पुन्हा वेग येतो, पण तेव्हा साखळ्या तोडतो तो हवेतला ऑक्सिजन.

ऑक्सिजन थंड मिलमध्येही लागतोच, आणि ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट. तुटलेली टोकं लगेच पुन्हा जुळायला बघतात. ऑक्सिजन त्यांना चिकटतो आणि जुळू देत नाही. नायट्रोजनमध्ये हेच रबर कितीही मळलं तरी फारसं मऊ पडत नाही.

रबर असं चघळण्याचा शोध लावणाराही खुद्द आधी फसला होता. लंडनच्या थॉमस हॅनकॉकने 1820 मध्ये रबराची कात्रणं बारीक फाडायला दातेरी यंत्र बनवलं. उघडून बघतो तर तुकड्यांऐवजी कणकेसारखा एकजीव, गरम गोळा!

मऊ पडलेलं रबर वाया गेलं, असंही नाही. नंतर गंधक घालून भाजलं की साखळ्यांत गाठी पडतात आणि ताकद येते. याच गाठींमुळे जुना टायर मिलवर टाकला तर त्याचा भुगा होतो, कणीक होत नाही.