रडवणारे बाबा, हसवणारे बाबा

म्हाताऱ्या आईवडिलांवरचा सिनेमा आहे असं कळलं, की आपण बायका हातरुमाल घेऊनच बसतो. ही सवय आजची नाही. राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ १९५४ साली आला. मुलांसाठी हाडाची काडं केलेले मास्तर, त्यांची पत्नी आणि उतारवयात दोघांची झालेली ताटातूट पाहून आपल्या आज्या त्या काळी रडल्या. अमेरिकेत त्याच्याही आधी, १९३७ साली, ‘मेक वे फॉर टुमॉरो’ नावाच्या चित्रपटात घर गमावलेल्या म्हाताऱ्या जोडप्याची मुलांनी अशीच वाटणी केली होती. पुढे १९९८ साली संजय सूरकर यांच्या ‘तू तिथं मी’मध्ये मोहन जोशी आणि सुहास जोशी यांनी आपल्याला रडवलं, अन् २००३ साली ‘बागबान’ने तर घरोघरचे पदर भिजवले. गोष्ट तीच. बाबा एका मुलाकडे, आई दुसऱ्याकडे.

हे चित्रपट चांगलेच आहेत. पण मैत्रिणींनो, रडून झाल्यावर घरात काय होतं ते जरा आठवून पाहा. पडद्यावर आपल्याला गुन्हेगार सापडलेला असतो. तो म्हणजे मुलगा, आणि त्याच्या कानाशी लागणारी सून. सासूबाई डोळे पुसता पुसता तिरक्या नजरेने आपल्याकडे पाहतात. आपण मनात म्हणतो, ‘मी काही एवढी वाईट नाही बाई!’ यजमान घसा खाकरून उठतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींना उठवून बसवायचं, गोळ्या द्यायच्या, अंथरूण बदलायचं, हे काम काल जिच्या वाट्याला होतं तिच्याच वाट्याला आजही असतं. रडण्याचं हे एक बरं असतं. मन हलकं होतं आणि कोणाला काही करावं लागत नाही.

म्हणून मला हसवणारे दोन चित्रपट जास्त कामाचे वाटतात. एक हिंदी, एक मराठी. तुम्ही पाहिले असतील तर पुन्हा पाहा, पण या खेपेला घरातल्या सगळ्यांना बसवून पाहा.

पहिला ‘पिकू’. जुही चतुर्वेदी यांनी लिहिलेला आणि शूजित सरकार यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१५ साली आला. दिल्लीत राहणारे सत्तर वर्षांचे बंगाली गृहस्थ भास्कर बॅनर्जी, म्हणजे अमिताभ बच्चन, यांना जगात एकच काळजी आहे : आज पोट साफ झालं की नाही? मुलगी पिकू, म्हणजे दीपिका पदुकोण, नोकरी सांभाळून त्यांचं सगळं करते आणि ऑफिसात असतानाही पोटाचा साद्यंत वृत्तांत ऐकते. पुढे बाप-लेक मोटारीने कलकत्त्याला निघतात, ते बाबांची शौचाची खुर्ची टपावर बांधून! या भूमिकेसाठी अमिताभ बच्चन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता सांगा, हे घर दिल्लीचं वाटतं का? यवतमाळला, दारव्ह्याला, दिग्रसला, पुसदला सकाळी सातच्या सुमाराला कोणत्याही घरात डोकवा. “काहून गं सूनबाई, इसबगोल संपलं का?” इथून दिवस सुरू होतो. मग चहात साखर कमी का, यावर चर्चा. डॉक्टरांनी साखर बंद केलेली असते आणि जिलबीचा पुडा नेमका उशीखाली सापडतो. कानाचं मशीन कपाटात, म्हणून टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. आणि पुण्याला राहणारे भाऊजी रविवारी फोनवरून सल्ला देतात, “वहिनी, बाबांना रोज फिरायला नेत जा बरं!”

‘पिकू’तले बाबा देव नाहीत आणि अडगळही नाहीत. ते हट्टी आहेत, हुशार आहेत, थोडे आपमतलबी आहेत, आणि तरी लोभस आहेत. पिकू त्यांच्यावर ओरडते आणि पुढच्याच क्षणी त्यांचा ताप पाहते. रडक्या चित्रपटात बाबांवर कोणी आवाज चढवला की समजावं, ही वाईट बाई. इथे चिडणं आणि माया एकाच घरात, एकाच बाईत सुखाने नांदतात. दिवसभर राबून एखादा शब्द कडक गेला म्हणून रात्री तळमळणाऱ्या कितीतरी सुना आपल्यात आहेत. त्यांना एवढं कळलं तरी पुष्कळ झालं, की चिडचिड झाली म्हणून सेवा खोटी ठरत नाही. ती एकटीनेच करावी लागते आहे का, हे मात्र पाहायला हवं.

आणखी एक गोष्ट. त्या बाबांना कुठेतरी जायचं आहे. कलकत्त्याला पोचल्यावर ते एकटेच सायकल काढून शहरभर फिरतात. म्हाताऱ्या माणसाला औषधाइतकीच ही ओढ असते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला, त्याआधीच्या दहा वर्षांत, म्हणजे पासष्टीपासून, अर्धं तिकीट. तेव्हापासून आपल्याकडचे आजोबा ‘वणीला चुलतभावाला भेटून येतो’ म्हणून पिशवी उचलतात आणि घर घाबरतं. घाबरू नये. पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्यांची पुडी आणि घरच्या फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी, पलीकडच्या नातेवाइकांना कळवावं आणि जाऊ द्यावं. मे महिन्यातलं आपलं ऊन सोडून, एवढंच.

दुसरा चित्रपट मराठी, ‘व्हेंटिलेटर’. राजेश मापुसकर यांचा हा चित्रपट नोव्हेंबर २०१६ मध्ये आला आणि त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कामेरकरांच्या मोठ्या कुटुंबातले गजूकाका बेशुद्ध होऊन दवाखान्यात कृत्रिम श्वासावर आहेत, आणि गणपती तोंडावर आलेले आहेत. नातेवाईक गोळा होतात. पडद्यावर शंभराहून जास्त कलाकार आहेत, म्हणजे पाहा! कोणाला काकांची काळजी, कोणाला सुतक आलं तर गणपतीचं काय याची काळजी, कोणी जुने हेवेदावे उकरून काढतो, तर कोणी सगळ्यांना उपदेश करतो. आशुतोष गोवारीकर पुतण्याच्या भूमिकेत आणि जितेंद्र जोशी बापाशी न पटलेल्या मुलाच्या. आपण हसतो, कारण यातला एकेक नमुना आपल्या लग्नकार्यात जेवून गेलेला असतो. पण हसता हसता एक प्रश्न समोर येतो : व्हेंटिलेटर ठेवायचा की काढायचा? आणि हे ठरवायचं कोणी?

रडक्या चित्रपटात वाईट माणूस सापडला की आपण सुटतो. या दोन चित्रपटांत वाईट माणूसच नाही. आहे ते काम, कटकट, माया आणि अवघड निर्णय. त्यामुळे बोट दाखवायला कोणी उरत नाही आणि प्रत्येकाला आपला वाटा दिसतो.

तुम्ही म्हणाल, सगळ्याच घरांत काही असं हसण्यासारखं नसतं. खरं आहे. आपल्याच जिल्ह्यात आर्णी तालुक्यात उमरी पठारला वृद्धाश्रम आहे. तिथवर पोचलेल्यांच्या गोष्टी हसण्यावारी नेता येत नाहीत. अशा घरांसाठी २००७ सालचा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा आहे. आईवडिलांना सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, त्यासाठी वकील लागत नाही, आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा शेत मुलांच्या नावे करून दिलं आणि मुलांनी अट पाळली नाही, तर ते दानपत्र रद्द करून मागता येतं. म्हणून ती अट कागदावर लिहून घ्यावी. अडचणीतल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोन नंबरही आहे.

या कायद्यातली एक गंमत मात्र प्रत्येक घराने वाचावी. ‘मुलं’ म्हणजे कोण, याची त्यात व्याख्या आहे. मुलगा, मुलगी, नातू, नात, तीही सज्ञान. त्या यादीत सून नाही! चित्रपटात सगळा दोष जिच्या माथी, घरात सगळं काम जिच्या हाती, तिचं नाव कायद्याच्या व्याख्येत नाहीच. याचा अर्थ सुनेने हात झटकावेत असा मुळीच नाही. आपण करतो ते मायेने करतो आणि करत राहू. पण ज्यांची नावं यादीत आहेत त्यांनीही उठून पाण्याचा तांब्या आणावा, इतकं म्हणायला काय हरकत आहे?

तर भगिनींनो, एखाद्या रविवारी घरात ‘पिकू’ लावा. मामाजी, सासूबाई, यजमान, मुलं, सगळे हवेत. नणंदबाई माहेरी आल्या असतील तर उत्तमच. चित्रपट संपला, सगळे हसून मोकळे झाले, की चहा ठेवायच्या आधी सहज विचारा, “आपल्या घरातली पिकू कोण?” सगळ्यांच्या नजरा कुठे वळतात ते पाहा. भांडण काढून जे बोलणं होत नाही, ते हसण्यातून निघतं. मग लगेच वही-पेन घ्या आणि चार गोष्टी लिहा.

पहिली, कामाची वाटणी. गोळ्यांचा डबा आठवड्यातून एकदा भरायचं काम नातवाला द्या, मुलांना ते आवडतं. दवाखान्यात नेणं मुलाकडे. रात्रीची उठबस आलटून पालटून. लांब राहणाऱ्या भावाने नुसता सल्ला न देता औषधांचा खर्च उचलावा, किंवा वर्षातून दोनदा पंधरा दिवस येऊन राहावं, म्हणजे घर सांभाळणारीला माहेरी जाता येईल.

दुसरी, औषधांची वही. कोणती गोळी, केव्हा, कशासाठी. रक्तदाब आणि साखर किती निघाली, तारखेसह. यवतमाळहून नागपूरला किंवा सेवाग्रामला न्यायची वेळ आली, तर ही एक वही दहा प्रश्नांचं उत्तर देते.

तिसरी, घरातली सोय. न्हाणीघरात धरायला दांडी, पायाखाली न घसरणारी जाळीची चटई, रात्री एक मंद दिवा. शौचाची खुर्ची औषधाच्या मोठ्या दुकानात मिळते, तिची लाज बाळगू नये. चक्क अमिताभ बच्चन ती टपावर बांधून कलकत्त्याला गेले! उन्हाळ्यात तहान लागायची वाट न पाहता तासा-दोन तासांनी पाणी, ताक, पन्हं पुढे करावं. म्हातारपणी तहान कमी जाणवते. डॉक्टरांनी पाणी किंवा मीठ मोजून सांगितलं असेल, तर मात्र त्यांचंच ऐकावं.

चौथी गोष्ट ‘व्हेंटिलेटर’ने शिकवलेली, आणि सगळ्यांत अवघड. आजारपण हाताबाहेर गेलं तर काय करावं, हे म्हाताऱ्या माणसाला शुद्धीत असतानाच विचारावं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असं वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवायला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही. विचारायला जीभ रेटत नाही, हे कबूल. पण पुष्कळदा म्हातारी माणसंच आपल्यापेक्षा धीट असतात. “मले नळ्या लावून ठेवू नका बाप्पा,” असं आजी भाजी निवडता निवडता सहज सांगून जाते आणि आपणच ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून तिला गप्प करतो. या खेपेला गप्प करू नका. ऐकून घ्या, मुलांनाही ऐकू द्या.

या चार गोष्टी लिहून झाल्या की वहीवर घरातल्या प्रत्येकाची सही घ्या. मामाजींचीसुद्धा! त्यांच्या वाट्यालाही एक काम लिहा : जिलबीचा पुडा सापडला, की खरं बोलायचं.