हजेरी घेणारा रिसीव्हर

रात्री आपल्या हॉस्टेलमध्ये हजेरी होते. रेक्टर सर रूम नंबर पुकारतात, आपण "प्रेझेंट सर" म्हणतो. जो पठ्ठ्या सिनेमाला गेलेला असतो तो काही "सर, मी गैरहजर आहे" असे फोन करून कळवत नाही. तरी तो सरांना बरोबर सापडतो. कारण त्याचा नंबर पुकारल्यावर उत्तर येत नाही. (पार्टनरने आवाज बदलून प्रॉक्सी मारली तर गोष्ट वेगळी. त्या प्रॉक्सीकडेही पुढे येणार आहे.)

न आलेले उत्तर हीसुद्धा एक माहिती असते. रुग्णालयात रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी जी वायरलेस यंत्रणा बसवतात, तिच्या रिसीव्हरला ही गोष्ट कळते की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते. आमच्या ग्रुपने फायनल इयरला हाच प्रोजेक्ट घेतला. तो का घेतला ते आधी सांगतो.

त्या रात्रीची बेल

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या आजीला न्यूमोनिया झाला म्हणून एका खासगी दवाखान्यात भरती केले होते. आमचे गाव आमगाव तालुक्यात. घरी धानाची कापणी सुरू, त्यामुळे रात्री आजीजवळ मीच थांबायचो. त्या रात्री मात्र दुसऱ्या दिवशीचे सबमिशन होते म्हणून मी हॉस्टेलवर आलो. पलंगाला वायरलेस कॉल बेल होती. घराच्या दाराला लावतात तशीच बटनाची डबी, आणि सिस्टरांच्या टेबलावर तिचा रिसीव्हर. मी आजीला सांगितले, "काही लागलं तर हे बटन दाब, सिस्टर येतील."

आजीने बटन दाबले. कोणी आले नाही. शेवटी ती एकटीच बाथरूमला जायला उठली आणि पडली. खुब्याचे हाड मोडले.

"बाबू, मी तीनदा दाबली रे बेल," ती सकाळी म्हणाली. सिस्टर रडवेल्या झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, बेल वाजलीच नाही. माझ्या टेबलावर तर हिरवा लाइट चालूच होता."

दोघीही खरे बोलत होत्या. मी बॅगेतला मल्टिमीटर काढून बटनाच्या डबीतली १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासली. ती ७ व्होल्टसुद्धा दाखवत नव्हती. म्हणजे डबी कधीच मुकी झाली होती. रिसीव्हरवरचा हिरवा दिवा फक्त एवढेच सांगत होता की रिसीव्हरला वीज मिळते आहे. सिस्टरांनी मात्र त्याचा अर्थ "सगळे ठीक आहे" असा घेतला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसाच घेतला असता.

रिसीव्हर ऐकतो तरी काय?

अशा स्वस्त बेलमध्ये बहुधा ४३३ मेगाहर्ट्झची जोडी असते. या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही. या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंमी, म्हणून पाव लांबीची अँटेना १७.३ सेंमीची येते. लॅबमध्ये आपण मोड्यूलला तारेचा तुकडा लावतो तो एवढाच का, याचे हे उत्तर.

ट्रान्समीटरची शक्ती १० मिलिवॅट धरू, म्हणजे +१० डीबीएम. चांगला रिसीव्हर -१०५ डीबीएमपर्यंतचा सिग्नल ओळखतो, म्हणजे पाठवलेल्या शक्तीच्या सुमारे तीस हजार कोटी पटींनी कमी! मोकळ्या जागेत ३० मीटरवर सिग्नल साधारण ५५ डीबीने घटतो. हिशेबाने ६० डीबी शिल्लक राहतात. पण वॉर्ड म्हणजे मोकळी जागा नाही. विटांच्या भिंती, लोखंडी कपाटे, एक्स-रे रूमचे शिशाचे आवरण, आणि खुद्द माणसाचे शरीर, हे सगळे त्या ६० डीबीतून आपापला वाटा घेतात. शरीरात पाणीच जास्त, त्यामुळे टॅग अंगाखाली दबला तरी सिग्नल पडतो.

अँटेनाने पकडलेला सिग्नल आधी मोठा केला जातो, मग फिल्टरमधून हवी ती फ्रिक्वेन्सी वेगळी काढली जाते, डिटेक्टर त्यातून शून्य-एकचा माल काढतो आणि डीकोडर त्याचा अर्थ लावतो. गंमत म्हणजे कोणी काही पाठवत नसले तरी डिटेक्टरच्या आउटपुटवर शांतता नसते. सिग्नल नाही म्हणून रिसीव्हर आपला गेन वाढवत नेतो आणि हवेतली खरखरच शून्य-एक होऊन बाहेर पडते. सीआरओवर ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे गवत आठवेल.

म्हणून डीकोडर लागतो. आपल्या सर्वांच्या ओळखीची एचटी-१२ई आणि एचटी-१२डी ही जोडी घ्या. १२ बिटांपैकी ८ पत्त्याचे, ४ माहितीचे. पत्ते २५६. एचटी-१२डी हा पत्ता लागोपाठ तीनदा जुळला तरच व्हीटी पिन वर करतो. खरखरीतून असे तीनदा जुळणे जवळजवळ अशक्य, म्हणून खोटी बेल वाजत नाही.

पण इथेच मेख आहे. ही सगळी हुशारी खोटी बेल वाजू नये यासाठी आहे. खरी बेल वाजायला हवी होती आणि वाजली नाही, हे या रिसीव्हरला कळण्याचा मार्गच नाही. बॅटरी संपली, अँटेना तुटली, डबी पाण्यात पडली, कोणी खिशात घालून घेऊन गेले, तरी त्याच्या दृष्टीने सगळे सारखेच. शांतता म्हणजे सुख.

गोंदियाच्या रेल्वेने आधीच सोडवलेला प्रश्न

हावडा-मुंबई मार्गावरचे आपले गोंदिया जंक्शन पाहा. रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली की हात आपोआप धोक्याच्या स्थितीत यायचा. आजच्या ट्रॅक सर्किटमध्येही रुळांतून करंट वाहतो तोपर्यंतच रिले उचललेला राहतो. गाडी रुळावर आली की रिले पडतो. तार तुटली तरी पडतो, वीज गेली तरी पडतो, आणि रिले पडला की सिग्नल लाल. म्हणजे "सगळे ठीक" हे करंटने सतत सिद्ध करावे लागते. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूलाच पडतो.

आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही तेच वायरलेसमध्ये केले. प्रत्येक पलंगाचा टॅग दर ३० सेकंदांनी स्वतःहून "मी आहे, माझी बॅटरी बरी आहे" एवढा छोटा संदेश पाठवतो. रिसीव्हर प्रत्येक टॅगचा टायमर ठेवतो. संदेश आला की टायमर पुन्हा शून्यावर. नाही आला तर त्या पलंगाचा दिवा पिवळा होतो आणि बझर वाजतो. थोडक्यात, रिसीव्हर हजेरी घेतो.

दोघांनी एकदम "प्रेझेंट" म्हटले तर?

सुरुवातीला आम्ही एचटी-१२ईच वापरला आणि फसलो. चार टॅग हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये ठेवले. तासाभराने दोन टॅग एकाच वेळी गैरहजर झाले. दोघांच्याही बॅटऱ्या नव्या. बराच वेळ डोके खाजवल्यावर कळले की दोघेही एकाच क्षणी बोलत होते. दोघांचे अंतर ३० सेकंदांचेच, म्हणजे एकदा टक्कर झाली की पुढच्या ३० सेकंदांनी पुन्हा टक्कर! मग आम्ही प्रत्येक टॅगच्या अंतरात थोडा यादृच्छिक फरक टाकला. कधी २७ सेकंद, कधी ३२. टक्कर झाली तरी पुढच्या खेपेला दोघे वेगळे होतात.

तरी टकरी होतातच. एचटी-१२ई ३ किलोहर्ट्झच्या ऑसिलेटरवर एक पूर्ण संदेश पाठवायला सुमारे ०.१ सेकंद घेतो. ३० पलंगांचा वॉर्ड धरला तर थिअरीत शिकलेल्या अलोहाच्या सूत्राने जवळपास १८ टक्के संदेश टकरीत जातात. वॉर्डात दिवसाला ८६,४०० हजेऱ्या होतात. लागोपाठ तीन चुकल्या की अलार्म, असा नियम केला तर रोज चारशेच्या वर खोटे अलार्म येतील. दुसऱ्याच दिवशी सिस्टर बझरची वायर काढून ठेवतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

म्हणून एचटी-१२ई सोडला आणि मायक्रोकंट्रोलरने आपलाच संदेश बनवला, फक्त १० मिलिसेकंदांचा. मग टकरीत जाणारे संदेश २ टक्क्यांवर आले. चार हजेऱ्या चुकल्यावर अलार्म ठेवला तर टकरीमुळे येणारा खोटा अलार्म कागदावर अडीच महिन्यांत एखादा. त्याची किंमत म्हणून खरा बिघाड कळायला दोन मिनिटे लागतात. बटन दाबल्याचा संदेश मात्र लगेच जातो, तोही थोड्या थोड्या वेळाने पाच वेळा. संदेश लहान केल्याचा आणखी एक फायदा झाला. टॅग बहुतेक वेळ झोपलेला राहतो, त्यामुळे बॅटरीही पुष्कळ जास्त टिकते.

प्रॉक्सी

एचटी-१२ईचा पत्ता ठरलेला असतो. तो हवेतून रेकॉर्ड करून दुसऱ्याने तसाच पुन्हा पाठवला तर रिसीव्हर आनंदाने हजेरी लावतो. कॉल बेलमध्ये असे कोणी करणार नाही, पण नवजात बाळाच्या पायाला लावलेल्या टॅगमध्ये हा प्रश्न गंभीर आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालतस्करीच्या एका प्रकरणात म्हटले की, रुग्णालयातून नवजात बाळाची तस्करी झाली तर पहिली कारवाई त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करण्याची असावी. आपल्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात आठही तालुक्यांतून बाया बाळंतपणाला येतात. अशा गर्दीच्या ठिकाणी बाळाचे टॅग किती कामाचे ठरतील हे सांगायला नको.

या टॅगच्या पट्ट्यात वाहक धागा असतो. पट्टा कापला की सर्किट तुटते आणि टॅग ओरडतो. पण कोणी टॅग न कापता बाळ धातूच्या आवरणात गुंडाळले तर? तेव्हा ओरड ऐकूच येणार नाही. तिथे परत हजेरीच उपयोगी पडते. प्रॉक्सी टाळायला प्रत्येक संदेशात वाढत जाणारा आकडा आणि त्यावर गुप्त किल्लीने काढलेली सही टाकतात. कालचा संदेश आज चालत नाही.

आणि रिसीव्हरची हजेरी?

व्हायव्हाला सरांनी नेमका हाच प्रश्न विचारला. "सगळ्या टॅगची हजेरी तुमचा रिसीव्हर घेतो. तोच हँग झाला तर?" आमच्याकडे याचे उत्तर होते, तेही रेल्वेकडूनच घेतलेले. रिसीव्हरचा प्रोसेसर एक रिले सतत उचलून धरतो. प्रोसेसर अडकला किंवा वीज गेली की रिले पडतो आणि त्याच्या बंद होणाऱ्या संपर्कातून वेगळ्या बॅटरीवरचा बझर वाजू लागतो. हिरवा दिवाही आता विजेला जोडलेला नाही. सगळ्या टॅगची हजेरी पूर्ण असेल तरच तो लागतो.

बाहेरचा गोंगाटही विसरून चालत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत डॅलस शहरात एका टीव्ही केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी घेतली, तेव्हा बेलर रुग्णालयातल्या हृदयरुग्णांच्या वायरलेस मॉनिटरमध्ये व्यत्यय आला. त्यानंतर २००० साली तिथे रुग्णांच्या टेलिमेट्रीसाठी वेगळे पट्टे राखून दिले गेले. परवानामुक्त पट्ट्यात असे संरक्षण कोणी देत नाही. तिथे कोणाचाही गोंगाट सहन करावा लागतो. निदान गोंगाटामुळे आपण बहिरे झालो आहोत हे तरी रिसीव्हरने सांगायला हवे.

शेवटी

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि १० बाळे गेली. ७ बाळांना वाचवता आले. १ मे १९९९ पर्यंत आपला जिल्हा भंडाऱ्याचाच भाग होता, त्यामुळे ती बातमी आपल्याला परकी नव्हतीच. एखाद्या वायरलेस धूर-सेन्सरचा विचार करा. तो वर्षानुवर्षे गप्प असतो. धूर नाही म्हणून गप्प, की मेला म्हणून गप्प? हे ज्याला सांगता येत नाही तो सेन्सर भिंतीवर असला काय आणि नसला काय, सारखेच.

आमचे मॉडेल अजून लॅबच्या टेबलावर आहे. रुग्णालयात लावायचे तर रीतसर चाचण्या आणि मंजुऱ्या लागतील. पण पुढच्या वर्षी जे ज्युनिअर अलार्म, बेल किंवा सेन्सरचे प्रोजेक्ट घेतील, त्यांना एवढीच विनंती आहे की आपले सर्किट गप्प बसते तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहा. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबांच्या पलंगाजवळ अशी बेल असेल, त्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर ती एकदा दाबून बघा. मी त्या रात्री निघण्याआधी एकदा दाबून बघायला हवी होती.

आजी आता वॉकर धरून अंगणापर्यंत येते. मागच्या महिन्यात आमचा एक टॅग मी तिच्या पलंगाला लावला आहे. तिने विचारले, "ही तरी वाजेल ना रे?" मी म्हटले, "आजी, नाही वाजली तरी कळेल."