बॅटरीच्या पोटातली वाट

ऑगस्ट 2019. पंचगंगेचं पाणी वाढतच होतं. आमच्या घरात पाणी शिरलं नव्हतं, पण वीज गेलेली. शिरोलीजवळ महामार्ग बंद, त्यामुळे 'हे' पुण्यातच अडकलेले. घरात सासूबाई, मी आणि पाचवीतली लेक. कपाटावरून सासऱ्यांच्या वेळची पत्र्याची बॅटरी काढली. (आपण कोल्हापूरकर टॉर्चला बॅटरीच म्हणतो ना!) नवे सेल घातले, बटण ढकललं... ढिम्म!

"राहू दे गं, त्यो आला की बघंल," सासूबाई म्हणाल्या. मीही तेच म्हणणार होते. फ्यूज गेला तरी शेजारच्या भाऊजींना हाक मारणारी मी! पण लेक म्हणाली, "आई, उघडून तर बघूया."

मेणबत्तीच्या उजेडात पेपर अंथरून एकेक भाग मांडला. दोन सेल, एवढासा बल्ब, बटणाची पट्टी, झाकणातली स्प्रिंग. पुस्तकातला 'साधा विद्युत परिपथ' तो हाच की! घट, दिवा, कळ आणि जोडणारी तार. फक्त इथं तारेचं बरंचसं काम पत्राच करतो. लेकीला म्हटलं, बोटानं वाट काढ. सेलच्या टोपीपासून बल्बच्या बुडाला, आतल्या बारीक तारेतून बल्बच्या अंगच्या पत्र्याला, तिथून बटण, मग स्प्रिंग आणि परत सेलच्या सपाट बाजूला. बोट स्प्रिंगवर थांबलं. "आई, इथं गंज आलाय." पॉलिश पेपरनं घासलं आणि भिंतीवर पिवळा गोल उमटला. सासूबाईंनी चक्क हात जोडले!

त्या दिवाळीत अंगणात मातीचा पन्हाळा झाला. त्यावर दिवा हवाच. लेकीनं सेलपासून बल्बपर्यंत एक वायर नेली. लागेना. मैत्रिणींनो, ही चूक बहुतेक मुलं करतात आणि ती करू द्यावी. पंख्याला एकच वायर गेलेली दिसते, तिच्या पोटात दोन असतात हे त्यांना कुठं ठाऊक? विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. दुसरी वायर जोडली, बल्ब मिणमिणला. दोन सेल एकापुढे एक लावल्यावर लख्ख!

मग खेळच सुरू झाला. वाट मध्येच तोडायची आणि तिथं वस्तू धरायची. किल्ली, चमचा, सेफ्टी पिन : दिवा लागला. खोडरबर, चप्पल, माझी काचेची बांगडी : नाही. आज्जीची पाटली : लागला! आज्जी खूश.

दोन गोष्टी मात्र दटावून सांगितल्या. सेलची दोन टोकं वायरनं थेट जोडायची नाहीत, वायर आणि सेल दोन्ही तापतात. आणि सेल दीड व्होल्टचा, भिंतीतला प्लग 230 चा. तिथं खेळ नाही, ओल्या हातानं तर नाहीच. पुराचं पाणी घरात शिरलं असेल, तर वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विचला हात लावू नये, हेही तेव्हाच सांगून टाकलं.

ती बॅटरी आता स्वयंपाकघरात खिळ्याला असते. सेल आत ठेवले की पाझरतात, म्हणून लेक ते वेगळे ठेवते. मृगाचा पाऊस लागला, की घालून एकदा भिंतीवर गोल पाडून बघते.