उन्हाळी संशोधन आणि विद्यावेतन : आपल्या पदवीधर मुलांपर्यंत न पोहोचलेली एक वाट

एप्रिलच्या अखेरीस महाविद्यालयांच्या परीक्षा आटोपत येतात आणि सफाळे परिसरातील विज्ञान शाखेची मुले-मुली सुटीच्या कामाला लागतात. कोणी बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे रोजंदारीवर जाते, कोणी लहान मुलांच्या शिकवण्या घेते, तर कोणी वाडीत किंवा मासळीच्या कामात घरच्यांना हातभार लावते. त्याच दोन महिन्यांत मुंबई, पुणे, बंगळूर येथील नामवंत प्रयोगशाळांत त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच पदवीचे विद्यार्थी विद्यावेतन घेऊन संशोधनाचे धडे गिरवीत असतात. हे विद्यार्थी आपल्या मुलांहून फार हुशार असतात असे मुळीच नाही. त्यांना अर्ज कधी करावयाचा हे ठाऊक असते, इतकाच बहुधा फरक असतो. आपल्याकडे याविषयी चौकशी सुरू होते ती मे महिन्यात, आणि तोवर अर्जाची मुदत टळून कित्येक महिने लोटलेले असतात.

उन्हाळी संशोधन प्रशिक्षण म्हणजे नेमके काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण आपल्या भागात 'ट्रेनिंग' म्हटले की औद्योगिक वसाहतीतील औषध कारखान्यांची गुणवत्ता-तपासणी प्रयोगशाळाच डोळ्यांपुढे येते. तेथील काम महत्त्वाचे आहे व त्यातून अनेकांची घरे उभी राहिली आहेत. परंतु तेथे उत्तर आधीच ठरलेले असते. औषधाचा नमुना ठरावीक मापात बसतो की नाही एवढेच पाहावयाचे असते. संशोधनाच्या प्रयोगशाळेत उत्तर कोणालाच माहीत नसते, प्रमुख शास्त्रज्ञांनाही नाही. विद्यार्थ्याला एका मोठ्या प्रश्नाचा छोटासा तुकडा दिला जातो. उदाहरणार्थ, एखादे प्रथिन पेशीत कोठे असते, एखाद्या जंतूवर औषधाचा परिणाम का होईनासा झाला, एखाद्या जनुकातील बदल किती जणांत आढळतो. पहिले दोन-तीन आठवडे तर प्रयोग फसण्यातच जातात. रोजच्या नोंदवहीत फसलेला प्रयोगही तारखेनिशी लिहावा लागतो. शेवटी एक अहवाल आणि सहकाऱ्यांसमोर छोटे भाषण. या दोन महिन्यांच्या शेवटी मार्गदर्शक शास्त्रज्ञाकडून मिळणारे शिफारसपत्र पुढे एम.एस्सी. वा पीएच.डी.च्या प्रवेशाच्या वेळी एखाद्या गुणपत्रिकेइतकेच मोलाचे ठरते.

आपल्या देशात अशा योजना अनेक आहेत. त्यांतील सर्वांत व्यापक म्हणजे तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी (हिची स्थापना १९३४ साली सर सी. व्ही. रामन यांनी केली), दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून ती चालवितात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे पाठविले जाते, दरमहा विद्यावेतन व प्रवासखर्च दिला जातो. या योजनेत महाविद्यालयीन शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे फारसे कोणाला माहीत नसते. एक शिक्षक स्वतः जाऊन आला, तर पुढील कित्येक वर्षे त्याचे विद्यार्थी जाऊ शकतील, म्हणून ही बाब येथे मुद्दाम नमूद करीत आहोत.

मुंबईतच कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. चर्चगेटहून बसने आर. सी. चर्च गाठले की थोडे पुढे नेव्ही नगरात तिचा परिसर लागतो. तेथील 'व्हिजिटिंग स्टुडंट्स रिसर्च प्रोग्राम' हा उन्हाळी उपक्रम जीवशास्त्रासह अनेक विषयांत चालतो. याच संस्थेच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. त्याची शिबिरे खास पदवीच्या पहिल्या वर्षांतील विद्यार्थ्यांसाठी योजलेली असतात. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर' शिष्यवृत्तीचेही उदाहरण घेण्याजोगे आहे. बारावीला आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्यास वर्षाला ८०,००० रुपये देण्याची ही योजना. त्यांपैकी २०,००० रुपये उन्हाळी संशोधनासाठी राखलेले असतात. वैद्यकीय व दंतवैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती आहे, ती १९७९ पासून दिली जाते. तीत विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा प्रकल्प करावयाचा असतो.

आता विद्यावेतनाचा मुद्दा. काही सुखवस्तू पालकांना वाटते की, शिकावयास मिळते आहे, मग पैशाची अपेक्षा कशाला? हा प्रश्न ज्याच्या घरात सुटीची मिळकत मोजली जात नाही, तोच विचारू शकतो. सफाळ्याच्या पूर्वेकडील पाड्यांवरील वारली वा मल्हार कोळी कुटुंबातील मुलगा, किंवा किनारपट्टीवरील मच्छिमाराची मुलगी, दोन महिने घरी काही न आणता मुंबईत राहिली, तर त्या घराच्या जूनमधील फीचे व वह्यापुस्तकांचे गणित बिघडते. विनावेतन प्रशिक्षण सर्वांना खुले असल्याचे जाहिरातीत लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात ते त्यांनाच खुले असते ज्यांना ते परवडते. त्याहून वाईट म्हणजे हल्ली प्रशिक्षणार्थ्याकडूनच शुल्क घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्यांचा सुकाळ झाला आहे. अशा प्रमाणपत्राला संशोधनाच्या क्षेत्रात फारशी किंमत नसते. पालकांनी पैसे भरण्यापूर्वी महाविद्यालयातील प्राध्यापकांना अवश्य विचारावे.

विद्यावेतन किती, याइतकाच ते कधी मिळते हाही प्रश्न असतो. आयुर्विज्ञान परिषदेच्या वर उल्लेखिलेल्या योजनेत रक्कम अहवाल स्वीकारला गेल्यानंतर हाती येते. खोलीचे भाडे व खानावळीचे बिल मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. ज्यांच्याजवळ आगाऊ चार पैसे नाहीत त्यांना हा काळ निभावण्यासाठी कोणाचा तरी आधार लागतो. येथे धर्मग्रामातील संस्था, पतपेढ्या वा सुस्थितीतील कुटुंबे अल्पमुदतीची उचल देऊ शकतील. ती दानाची रक्कम नसेल, परत येणारी असेल.

अमेरिकेत या गोष्टीचा विचार बराच आधी झाला. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९८७ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सवेतन उन्हाळी संशोधनाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. पुढे आरोग्य संशोधनाच्या क्षेत्रात, ज्या समाजगटांतून शास्त्रज्ञ कमी येतात अशांसाठी स्वतंत्र योजना निघाल्या. 'कमी प्रतिनिधित्व असलेले' या शब्दांत तेथे केवळ वंश येत नसे. घरातील पहिलाच महाविद्यालयात जाणारा, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबातील, ग्रामीण भागातील, अपंग, अशांनाही त्यात स्थान होते. २०२५ मध्ये तेथील सरकारने यांतील अनेक योजनांचा निधी बंद केला. परदेशस्थ नातेवाइकांकडून ऐकून काही जण तिकडे अर्ज करण्याचा विचार करतात, त्यांनी ध्यानात ठेवावे की विज्ञान प्रतिष्ठानचा कार्यक्रम अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी यांच्यासाठीच असतो. भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिकेतील प्रयोगशाळांत उन्हाळ्यापुरते पाठविणारी खोराना शिष्यवृत्ती २००७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पुढाकाराने सुरू झाली. ज्यांच्या नावे ती आहे ते नोबेल पारितोषिक विजेते हरगोविंद खोराना पंजाबातील सुमारे शंभर वस्तीच्या खेड्यात जन्मले. गावात लिहिता-वाचता येणारे कुटुंब जवळजवळ त्यांचे एकच होते.

आपल्याकडील योजनांत 'कमी प्रतिनिधित्व' हा शब्द क्वचितच आढळतो. निवड बहुतांशी गुण, अर्जातील लेखन आणि शिफारस यांवर होते. त्यामुळे दार कोणालाही बंद नाही. पण दारापर्यंतची वाट ज्यांना घरातूनच माहीत असते, तेच पुढे जातात. या संदर्भात डॉ. कमला सोहोनी यांचे चरित्र बोलके आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवूनही १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत व एका वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर त्यांना घ्यावे लागले. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. त्यांचा निर्धार वंदनीय आहेच. परंतु त्यांचे वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्याच संस्थेत शिकलेले होते, हेही विसरता येत नाही. कोठे जावयाचे, कोणाशी बोलावयाचे, हे त्या घरात बालपणापासून ठाऊक होते. पुढे सोहोनीबाईंनी नीरेवर संशोधन केले व कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना तिचा लाभ होतो असे दाखविले. ताडा-माडांच्या आपल्या किनाऱ्यावर हे संशोधन कोणाला परके वाटू नये.

जैववैद्यकीय संशोधन पालघर जिल्ह्याला नवे नाही. डहाणू येथे आयुर्विज्ञान परिषदेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र असून त्याला परळच्या प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेचे मार्गदर्शन आहे. महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अभ्यास परळच्याच के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत अनेक वर्षे होत आला आहे. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जाहीर केले व २०४७ ही मुदत ठेवली. या सर्व कामात आपल्या जिल्ह्यातील माणूस आहे तो बहुधा रक्ताचा नमुना देणारा म्हणून. नमुना कशासाठी घेतला, अहवाल परत का आला नाही, वाहक असल्याचे कळल्यावर मुलीच्या लग्नाचे काय, या शंका पाड्यावरची आई शहरातून आलेल्या डॉक्टरला विचारीत नाही. वारली बोलणाऱ्या, ओळखीच्या मुलीला विचारील. ती मुलगी संशोधकांच्या गटात असेल, तर प्रश्नावलीतील प्रश्नच बदलतील.

प्रत्यक्ष अर्जाविषयी थोडे. अकादमींची जाहिरात साधारणतः पावसाळा सरताना येते व मुदत नाताळापूर्वीच संपते. टाटा संस्थेचे अर्ज बहुधा जानेवारीच्या सुमारास असतात. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून गणेशोत्सवाच्या सुटीपासूनच संस्थांची संकेतस्थळे पाहू लागावे. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, ओळखपत्र आणि आपणास कशाचा शोध घ्यावासा वाटतो याविषयी इंग्रजीत थोडे लेखन एवढी तयारी लागते. हे लेखन मुलांना सर्वांत अवघड जाते, आणि मग ती कोठून तरी उतरवून काढतात. निवडणाऱ्यांना ते लगेच कळते. 'मला समाजाची सेवा करावयाची आहे' या वाक्याऐवजी, आमच्या गावात अमुक ताप दर पावसाळ्यात का येतो हे मला समजून घ्यावयाचे आहे, असे साध्या इंग्रजीत लिहिलेले अधिक वाचले जाते.

शिफारसपत्र हा त्याहून नाजूक भाग. ऐंशी-शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्राध्यापकांना प्रत्येकाचे नाव माहीत असणे शक्य नाही. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच एखाद्या तरी प्राध्यापकांना तासानंतर भेटून शंका विचारण्याची सवय ठेवावी. आपली मुले संकोचाने हेच टाळतात. पत्र हवे असल्यास निदान तीन आठवडे आधी, गुणपत्रिकेची प्रत व लेखनाचा मसुदा घेऊन जावे. अनेक ठिकाणी हे पत्र शिक्षकांनाच थेट संकेतस्थळावर भरावे लागते, तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांना दूरध्वनी करून उपयोग होत नाही.

राहण्याचा प्रश्न अर्ज करतानाच विचारात घ्यावा. सफाळ्याहून चर्चगेट सुमारे ७५ किलोमीटर. एप्रिल २०१३ पासून डहाणू लोकल सुरू झाल्याने प्रवास सुकर झाला असला तरी गाड्या मोजक्याच आहेत आणि प्रयोग काही वेळापत्रक पाहून संपत नाही. परळपर्यंतचा रोजचा प्रवास एखादी काटक मुलगी करू शकेल. कुलाबा वा मानखुर्द मात्र दोन महिने रोज झेपणारे नाही. संस्थेचे वसतिगृह मिळते का, हे निवडपत्र येताच विचारावे. न मिळाल्यास मुंबईतील धर्मभगिनींची वसतिगृहे मार्चमध्येच गाठावीत, कारण मे महिन्यात परीक्षार्थी व नोकरदार मुलींनी ती भरलेली असतात.